भुऱ्याला घरी एकटं राहायला कसं शिकवायचं?

नाशिकमधल्या इंदिरानगरच्या एका ताईंनी विचारलंय. घरात तीन वर्षांचा गावठी कुत्रा आहे, भुऱ्या. दीड महिन्याचं पिल्लू असताना पाथर्डी फाट्यावरून उचलून आणलेला. सासूबाई कायम घरात, त्यामुळे एकटं राहायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नाही. जूनमध्ये सासूबाई नणंदेकडे संगमनेरला गेल्या. ताई शाळेत शिकवतात, सकाळी साडेसात ते दुपारी दीड बाहेर. यजमान अंबडला कारखान्यात, पाळी दर आठवड्याला बदलते. त्यांची फर्स्ट शिफ्ट असली की घराला कुलूप, आणि त्या आठवड्यात भुऱ्या भुंकतो, रडतो, दाराची चौकट कुरतडतो, हॉलमध्ये शू करून ठेवतो. सोसायटीच्या सेक्रेटरींनी दोनदा सुनावून झालंय. शेजारचे काका म्हणतात, आठ दिवस भुंकू द्या, थकून गप्प बसेल. ताई विचारतात: काकांचं ऐकू का, जोडीला दुसरा कुत्रा आणू का, की भुऱ्याला कुणाला तरी देऊन टाकू?

ऐकू नका, आणू नका, आणि देण्याचा विचार तर इतक्यात नकोच.

काकांवर रागवू नका. हा सल्ला सुरुवातीच्या वर्षांत मीही दिलाय. कॉलेज रोडला एक लॅब्रॅडॉर होता. मालकांना म्हटलं, दहा दिवस कान बंद करा. नवव्या दिवशी फोन आला, “सर, जादू झाली, एकदम शांत.” मीही खूश. महिन्याभराने नखं कापायच्या निमित्ताने त्या घरी गेलो, तर पुढच्या दोन्ही पंजांची नखं मुळापर्यंत घासलेली, दारामागची फरशी लाळेने चिकट, आणि सकाळी भरून ठेवलेलं पाण्याचं भांडं तसंच्या तसं. तो शांत झाला नव्हता, त्याचा घसा बसला होता. त्या दिवसापासून हा सल्ला बंद केला.

कारण साधं आहे. हट्टाने रडणारं पोर थकून झोपतं, पण इथे हट्ट नाही, भीती आहे. पोहता न येणाऱ्याला रोज रामकुंडात ढकललं तर तो पोहायला शिकत नाही, नदीला घाबरायला शिकतो. भुऱ्याचं तेच होतं. प्रत्येक फर्स्ट शिफ्टचा आठवडा त्याला एकच धडा पक्का करून देतो: दार लागलं की संकट.

आणि हो, तो सूड घेत नाही. “मुद्दाम सोफ्याजवळच शू करतो, आणि आम्ही आलो की तोंड लपवतो, त्याला कळतं हो” हे वाक्य मी दर महिन्याला ऐकतो. अमेरिकेतल्या संशोधक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली यावर छान प्रयोग प्रसिद्ध केला होता. कुत्र्याने खरंच चूक केली आहे की नाही याच्याशी त्या अपराधी चेहऱ्याचा संबंध नव्हता, मालक रागावतोय की नाही याच्याशी होता. ज्यांनी काहीच केलं नव्हतं तेसुद्धा ओरडा पडला की तसेच दिसत. तेव्हा दुपारी दीडला आल्यावर त्याला शूजवळ नेऊन रागवलं, तर त्याच्या लेखी हिशेब एवढाच: आधी दार बंद झाल्याची भीती, मग दार उघडण्याचीही भीती. मुकाट्याने पुसून टाका. फिनाइल ओतू नका, वास त्यांना झोंबतो आणि शूचा वास खाली राहतोच. एन्झाइमवालं क्लीनर मिळतं, ते वापरा.

पण हे सगळं मी भुऱ्याला न बघता सांगतोय. आधी व्हिडिओ काढा. घरात जुना मोबाइल असेलच. तो टीव्हीच्या कपाटावर ठेवा, दार आणि भुऱ्याची नेहमीची जागा दोन्ही दिसतील असा. त्यावरून स्वतःच्याच फोनवर व्हिडिओ कॉल लावा, तुमच्या बाजूचा आवाज म्यूट करा, आणि रोजच्यासारख्या तयार होऊन खाली उतरा. पार्किंगमध्ये उभं राहून बघा. दहा मिनिटं पुरे. तो कासावीस झालेला दिसला तर दहाचीही वाट बघू नका, वर या. स्पीकरवाला कॅमेरा असला तरी त्यातून “भुऱ्या, भुऱ्या” करू नका. आवाज येतो, माणूस दिसत नाही, म्हणून कुत्रं जास्त सैरभैर होतं.

काय बघायचं? भ्यालेल्या कुत्र्याचा त्रास बहुतेक वेळा पहिल्या अर्ध्या तासातच, पुष्कळदा पहिल्या काही मिनिटांत सुरू होतो. भुंकण्याच्या खूप आधी अंग बोलतं. जीभ नाकावरून फिरते. झोप नसताना जांभई. एक पंजा अधांतरी उचललेला. कान मागे. गारव्यातही धाप. मग दारापाशी येरझाऱ्या, फटीला नाक लावून हुंगणं, आणि नासधूस होते ती बरोबर दाराची, चौकटीची, खिडकीची, म्हणजे बाहेर पडायच्या वाटांची. कंटाळलेलं कुत्रं वेगळं असतं. ते आधी तासभर ताणून देतं, मग उठून चपला, उशी, कचऱ्याचा डबा असा कार्यक्रम मजेत उरकतं, शेपूट वर ठेवून. ते असेल तर औषध सोपं: सकाळचं फिरणं वाढवा, चघळायला द्या. तुम्ही चौकटीचं लिहिलंय, म्हणून मला भीतीचा संशय आहे. तिसरीही शक्यता असते, लिफ्टच्या आणि जिन्यातल्या आवाजावर भुंकणारा पहारेकरी. त्याचं भुंकणं थांबून थांबून येतं, मध्ये तो निवांत पडलेला असतो. गॅलरीचं दार आणि पडदा लावून, पंखा किंवा रेडिओ चालू ठेवला की तो निम्म्याने गप्प होतो.

व्हिडिओ झाला की एकदा जनावरांच्या डॉक्टरांना दाखवून या. घरात शू करण्यामागे लघवीचा संसर्ग असू शकतो, आणि अंगात दुखणं असलेलं कुत्रं एकटेपणाला लवकर घाबरतं. गोचिडतापही तपासून घ्या, पावसाळ्यानंतर आपल्याकडे तो बराच दिसतो.

आता मुख्य गोष्ट, आणि लोक नेमकी हीच टाळतात. सराव चालू असेपर्यंत भुऱ्याला त्याच्या सहनशक्तीपलीकडे एकटं ठेवायचं नाही. एकदाही नाही. “मग नोकरी सोडू का?” नाही. तुमच्या पत्रातच उत्तर आहे. यजमानांची सेकंड शिफ्ट असते तेव्हा सकाळी ते घरी असतात, थर्ड शिफ्ट असते तेव्हा झोपलेले का होईना, घरी असतात. म्हणजे तीन आठवड्यांतला एकच आठवडा भरायचा आहे, दिवसाचे सहा तास, तेही शाळा असेल तेव्हाच. पण त्याची दुसरी बाजूही बघा. दोन आठवडे सोबत, मग तिसऱ्या आठवड्यात अचानक सहा तास कुलूप, असा झटका बसला की मधल्या पंधरवड्याचा सराव धुऊन निघतो. म्हणून तो आठवडा आधी बांधून घ्या, सराव मग.

कसा? यजमानांनी सुपरवायझरशी बोलून दोन-तीन महिने फर्स्ट शिफ्ट कुणाशी बदलून मिळते का पाहावं. सकाळची पाळी हवी असणारे सहकारी बहुधा सापडतात. सासूबाईंना त्या एका आठवड्यासाठी बोलवा, संगमनेर काही लांब नाही. सोसायटीत एखादे निवृत्त आजी-आजोबा असतील ज्यांना कुत्रं हवं असतं पण जबाबदारी झेपत नाही, त्यांच्याकडे भुऱ्याला सकाळी सोडा. आमच्या ओळखीत एका प्रेसमधून रिटायर झालेल्या काकांनी शेजारच्या बीगलला असं सहा महिने सांभाळलं, पेपर वाचून दाखवत. घरगुती डे-केअरही गंगापूर रोड, पाथर्डी फाटा भागात सापडतात. मात्र आधी स्वतः जाऊन बघा, पिंजऱ्यात कोंडून ठेवत असतील तर पैसे देऊन भीती विकत घेतल्यासारखं होईल. कामाच्या मावशींना भुऱ्याची सवय असेल तर त्यांची वेळ साडेसाताची करून तासभर निघतो, पण तेवढ्याने भागणार नाही.

हे जमलं की सराव. आधी दाराच्या अलीकडचा.

तुम्ही बाहेर पडणार हे भुऱ्याला दार लागायच्या पंधरा-वीस मिनिटं आधीच कळलेलं असतं. लोक चाव्यांवर खापर फोडतात, पण खरी खूण प्रत्येक घरात निराळी असते. सातपूरच्या एका घरात आम्ही चाव्या आणि हेल्मेट वाजवून वाजवून कंटाळलो, त्यांची कुत्री पाचू ढिम्म. मग व्हिडिओ मागे-पुढे करून पाहिला. पाचूचे कान मागे जायचे ते स्वयंपाकघरात डब्याच्या झाकणाची क्लिप ‘टक्’ झाली की. सुट्टीच्या दिवशी डबा नसतो, म्हणून रविवारी ती खुशाल. तुमच्याकडे कदाचित साडीची पिन असेल, पर्सची चेन असेल, यजमानांचे सेफ्टी शूज असतील. ती खूण शोधा आणि तिचा अर्थ घालवा. संध्याकाळी टीव्ही बघताना उगाच डबा भरा, क्लिप लावा, परत सोफ्यावर बसा. पर्स खांद्याला लावून भाजी निवडा. शूज घालून कपडे वाळत घाला. रोज पाच-सहा वेळा, पंधरा दिवस. भुऱ्याने डोळा उघडून पुन्हा मिटला की काम झालं.

याच दिवसांत घरातल्या घरात अंतरही वाढवा. बाथरूमला गेलात की मागे येतो का? येत असेल तर हॉलमध्ये एका जुन्या चादरीवर बसायची सवय लावा. तो आपणहून तिथे बसला की काही न बोलता पंजांमध्ये फुटाण्याएवढा चिकनचा किंवा पनीरचा तुकडा ठेवा आणि निघून जा. हाक मारून बसवू नका, आपणहून बसण्यातच मजा आहे.

मग दार. आपल्याकडच्या फ्लॅटला दोन दारं असतात, आतलं लाकडी आणि बाहेरचं जाळीचं सेफ्टी डोअर, हे या कामात फार उपयोगी पडतं. आधी सगळा सराव जाळीच्या दाराने करायचा. तुम्ही पलीकडे, तो अलीकडे, दोघं एकमेकांना दिसताय. एक बैठक साधारण अशी: उठलात, कडीला हात लावलात, परत बसलात. मिनिटभर काही नाही, फोन बघा. मग जाळीचं दार उघडून बंद, आत. पुन्हा मिनिटभर. मग बाहेर पाऊल, तीन सेकंद, आत. येताना “आला माझा राजा” नको, जणू गॅलरीतून कपडे घेऊन आलात. पुन्हा थांबा. मग आठ सेकंद. मग दोन. मग पाच. मग बारा. मग चार. आकडे चढतेच ठेवले तर कुत्र्याला उमगतं की प्रत्येक वेळ आधीपेक्षा वाईट, आणि ते पुढच्या फेरीआधीच ताठरतं. म्हणून वर-खाली. एकूण वीस-पंचवीस मिनिटं, दिवसातून एकदा, आठवड्यातून पाच दिवस. जास्त केलं तर दोघंही वैतागता.

प्रत्येक फेरीत तो रडायच्या आत परत यायचं, हा एकच नियम. जांभई, नाकावर जीभ, उचललेला पंजा दिसला की ती वेळ त्याच्यासाठी जास्त झाली. पुढची फेरी तिच्या निम्मी. इथे माझ्याकडे येणारे सगळ्यात जास्त चुकतात. सात मिनिटं जमली की शेजाऱ्यांना सांगतात, दुसऱ्या दिवशी अर्ध्या तासाला दूध-भाजी आणायला जातात, आणि परत शून्यावर येतात. जाळीचं दार जमलं की लाकडी दार, नुसतं लोटून, मग लॅच लावून, मग कुलपात किल्ली फिरवून, मग लिफ्टचं बटण दाबून, मग खरंच खाली. लिफ्टचा आवाज हा स्वतंत्र धडा आहे, तो वगळू नका. जिन्याने उतरून सराव केलेलं कुत्रं लिफ्टच्या पहिल्या दिवशी कोसळलेलं मी पाहिलंय.

पहिली दहा-पंधरा मिनिटं मिळवायला सगळ्यात जास्त दिवस लागतात. कुणाला तीन आठवडे, कुणाला दोन महिने. तिथून अर्धा-पाऊण तास त्या मानाने लवकर येतो, आणि तास-दीड तास निवांत झोपणारं कुत्रं पुढे तीन-चार तासही बहुधा झोपतंच. मोठी चाचणी रविवारी ठेवा. मिसळ खायला जा, फोन पावाशेजारी उभा करून त्याला बघत बसा. घरापासून पाच-दहा मिनिटांवरची मिसळ निवडा, म्हणजे गडबड झाली तर तर्री सोडून उठता येईल. दुसरी प्लेट मागवलीत तर समजा, भुऱ्या पास झाला.

खाऊचं काय? रबरी खेळण्यात दही-भात भरून गोठवून द्यायचा, हे सगळे सांगतात. कंटाळलेल्या कुत्र्यासाठी उत्तम आहे. भ्यालेल्यासाठी दोन अडचणी. एक तर भीतीत घास उतरत नाही, सकाळी दिलेलं चिकन दुपारी तसंच पडलेलं असतं. दुसरं, काही कुत्री खाईपर्यंत बरी असतात आणि शेवटचा घास संपला की दचकून बघतात, अरे, कुणीच नाही! तिथून भीती दुप्पट, आणि हळूहळू ते खेळणंच निघण्याची खूण होऊन बसतं. म्हणून दाराचा सराव मी खाऊशिवाय करून घेतो.

द्राक्षांचं मात्र नाशिककरांना सांगायलाच हवं. जानेवारी ते एप्रिल प्रत्येक घरात द्राक्षांची पेटी येते, टेबलावर राहते, आणि एकटं कुत्रं टेबलापर्यंत पोचतं. द्राक्षं, बेदाणे, मनुका यांनी कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते, आणि कुठल्या कुत्र्याला किती बाधतील हे आधी कळत नाही. त्यातलं टार्टारिक ॲसिड हे कारण असावं असं आता मानतात, आणि ते चिंचेतही असतं. खाल्ल्याचा संशय जरी आला तरी उलटीची वाट न बघता थेट डॉक्टर.

औषधाबद्दल लोक कुजबुजत विचारतात, “गोळ्या देऊन झोपवायचं का?” झोपवायच्या गोळ्या नकोतच. ॲसप्रोमाझिनसारख्या गुंगीच्या औषधाने अंग लोळागोळा होतं, भीती आत तशीच राहते. पण भीती कमी करणारी खरी औषधं आहेत. क्लोमिप्रामिनला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९८ मध्ये आणि फ्लूऑक्सेटिनला २००७ मध्ये कुत्र्यांच्या याच त्रासासाठी मान्यता दिली, सरावाच्या जोडीने द्यायची अशी. फ्लूऑक्सेटिनचा पूर्ण गुण यायला चार-सहा आठवडे जातात, आणि मनाने बंद करायचं नसतं. जे कुत्रं पाच सेकंदांवरच अडतं, नखं-दात मोडून घेतं, त्याच्यासाठी औषधाला शेवटचा उपाय म्हणून ताटकळत ठेवणं मला क्रूरपणा वाटतो. घाबरलेलं डोकं शिकत नाही, औषध त्याला शिकण्याइतपत खाली आणतं. डोस डॉक्टरच ठरवतील, घरातल्या माणसाच्या गोळ्या मोडून देऊ नका. आणि गोचिडांसाठी अमिट्राझचं औषध लावत असाल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, या दोन्ही औषधांबरोबर ते चालत नाही.

उरलेलं भराभर. दुसरा कुत्रा: भुऱ्याला कुत्र्याची उणीव नाही, माणसाची आहे. बऱ्याचदा दोघं मिळून रडतात. भुंकलं की शॉक देणारा पट्टा: भ्यालेल्याला वरून मारणं आहे, नाव काढू नका. पिंजरा: आधीपासून आवडीने झोपत असेल तर ठीक, नाहीतर दात तुटतात. गॅलरीत साखळीला बांधणं: त्याने भीती तशीच राहते, शिवाय आखूड साखळीला तासन् तास बांधून ठेवणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात गुन्हा आहे. निघताना गळ्यात पडून निरोपाचा सोहळा नको, पण तोंड फिरवून बसायचीही गरज नाही. “येते रे” म्हणा आणि निघा. दिवाळीत आणि विसर्जनाला, ढोल-फटाके चालू असताना सराव बंद, आणि त्याला एकटंही ठेवू नका. आवाजाची भीती आणि एकटेपणाची भीती पुष्कळदा एकाच कुत्र्यात असतात आणि एकमेकींना खतपाणी घालतात.

सेक्रेटरींचं. ॲनिमल वेल्फेअर बोर्ड ऑफ इंडियाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सोसायटीला ठराव करूनही कुत्रा पाळायला बंदी घालता येत नाही, त्यामुळे “काढून टाका” या दमाला घाबरू नका. पण कागद दाखवून भांडूही नका. शेजाऱ्यांना खरंच त्रास होतोय. त्यांच्या घरी जाऊन सांगा, दोन-तीन महिन्यांचा कार्यक्रम आहे, या काळात तो एकटा राहणार नाही, आणि भुंकला तर मला लगेच मेसेज करा. त्या मेसेजची वेळ तुमच्या सरावाच्या वहीत कामाला येते. शेजारच्या काकांनाच हे काम द्या, ते आवडीने करतील.

एक अप्रिय गोष्टही सांगून ठेवतो. सगळं जमलं तरी मोठ्या कुत्र्याला रोज चार-पाच तासांवर एकटं ठेवू नये असं माझं मत आहे, सहा म्हणजे कमाल. पंचवटी एक्स्प्रेसने रोज मुंबईला जाऊन येणारी आणि घरात दुसरं कुणी नसलेली मंडळी कुत्रं घ्यायचं का विचारतात, त्यांना मी सरळ नाही म्हणतो. तुमचं तसं नाही. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात साधारण साडेदहाला कुणी येऊन भुऱ्याला वीस मिनिटं खाली फिरवून आणलं तर साडेसात ते दीड हा वेळ दोन तुकड्यांत जातो, आणि असे तुकडे तीन वर्षांच्या निरोगी कुत्र्याला झेपतात. मधल्या फेरीसाठी माणूस आत्तापासून शोधा, आणि तुम्ही घरी असतानाच त्याची भुऱ्याशी ओळख करून द्या.

या रविवारी व्हिडिओ काढा. दार लागल्यापासून किती सेकंदांनी तो पहिल्यांदा दाराशी येतो, आणि किती सेकंदांनी पहिला आवाज करतो, हे दोन आकडे मला कळवा. पहिल्या आठवड्याचं वेळापत्रक त्यावरून लिहून देतो.